केळीचं कडवं

उचगावात भरमाप्पाला कवी म्हणून सगळे ओळखतात, आणि भांडेवाला म्हणून त्याहून जास्त ओळखतात. चौकात तरुण मंडळाचा फळा आहे. त्यावर दर सोमवारी खडूनं चार ओळी लिहायच्या, खाली झोकात सही ठोकायची आणि मग दुकान उघडायचं, हा त्याचा कित्येक वर्षांचा नेम. गावात कुणी वारलं तर फळ्यावर पहिला मान मयताचा. त्या आठवड्यात कविता पुसली जायची आणि भरमाप्पाचं तोंड उतरायचं, मयतापेक्षा कवितेपायी. माणूस वाईट नव्हता, पण कवी होता, त्याला काय करणार!

कविता साध्याच. मुंगी, मीठ, चिमणी, घरामागच्या परड्यातली केळ. रोज जे दिसतं त्यातून चिमूटभर शहाणपण काढायचं आणि यमकात बांधून द्यायचं. डेअरीला निघालेली माणसं गाडी जरा हळू करून वाचायची, "व्वा अप्पा!" म्हणायची आणि पुढं जायची. मंडळानं एकदा शाल-नारळही दिला होता. भरमाप्पानं आपल्या कविता गिऱ्हाइकांना ऐकवल्या, व्याह्यांना ऐकवल्या, तोंडाला साबण लागलेला असताना न्हाव्यालाही ऐकवल्या. ऐकवल्या नाहीत त्या फक्त बायकोला. शिवगंगेचं शिक्षण चौथीपर्यंत, दिवस जायचा स्वयंपाकघरात नाहीतर परड्यात. तिला काय कळणार, अशी त्याची पक्की समजूत होती आणि ती तपासून बघावी असं त्याला कधी वाटलं नाही.

मग शिवगंगेच्या पायांवर सूज चढली. अन्नावरची वासना गेली, चार पायऱ्या चढल्या तरी दम लागू लागला. कोल्हापुरात तपासण्या झाल्या तेव्हा कळलं की दोन्ही किडन्या निकामी होत आल्यात. आठवड्यातनं तीनदा डायलिसिस करावं लागेल, डॉक्टर म्हणाले. केलं तर काही वर्षं निघतील, नाही केलं तर फार दिवस हातात नाहीत. शिवगंगेनं सगळं नीट ऐकून घेतलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "मला न्हाय करायचं."

इचलकरंजीला दिलेली लेक, शांभवी, धावत आली. तिनं आईला विनवलं, मग भांडली, मग रडली. शिवगंगा हसून तिच्या डोक्यावरून हात फिरवायची आणि पुन्हा तेच म्हणायची. शेवटी शांभवीनं बापाला गाठलं. "अप्पा, ती माझं ऐकत न्हाय. तुमीच सांगा की तिला."

दुपारी शिवगंगा सोप्यात लसूण सोलत बसली होती. भरमाप्पा तिच्यापुढं येऊन बसला.

"हट्ट सोड, गंगे. उद्या दवाखान्यात जायाचं."

"कशाला वो?"

"कशाला म्हंजे? जगाय नको?"

शिवगंगेनं हातातली पाकळी ताटात टाकली आणि त्याच्याकडं न बघताच, निवडण करताना बोलावं तसं म्हणाली:

"घड उतरता केळ म्हणाली,
सरलं देणं-घेणं;
कोंबाच्या या वाटेमधे
कशास उभं राहणं?"

भरमाप्पा बघतच राहिला. कडवं त्याचंच होतं. फळ्यावर लिहून त्याला जमाना झाला होता, तो ते विसरूनही गेला होता, आणि हिच्या तोंडी अक्षर इकडचं तिकडं नव्हतं. खरं सांगायचं तर त्या घटकेला त्याला आनंद झाला. बायको मरायला निघालेली, आणि ह्याला कशाचा आनंद, तर तिला आपली कविता पाठ आहे ह्याचा!

"तुला पाठ हाय?"

"माझी आई गेली त्या आठवड्यात फळ्यावर हुतं. शांभवीला कडंवर घिऊन चिक्कोडीच्या येस्टीतनं उतरलो आनि समोर ह्येच. वाटलं, तुमी माझ्यासाठीच लिवलंय. आईनं वाट सोडली, आता ह्या पोरीला आपुन हाय, म्हटलं. रडू थांबलं माझं तिथंच."

मग ती बोलत राहिली. सासूबाई टाकून बोलायच्या तेव्हा ती मिठाचं कडवं म्हणायची. मीठ दिसत नाही, पण नसलं की सगळं घर विचारतं, असं त्यात होतं. शांभवीचं लग्न झालं, घर खायला उठलं, तेव्हा चिमणीचं. पिल्लं उडाल्यावर रिकाम्या घरट्यात येऊन क्षणभर बसणारी आणि मग दाणे टिपायला जाणारी चिमणी. दर सोमवारी दूध आणायला ती स्वतः जायची, ती फळा वाचायला.

"मग कधी बोलली न्हाईस ती?"

"तुमी कवा इचारलासा?"

भरमाप्पा गावभर वाचक शोधत फिरला, आणि मन लावून वाचणारं एकच माणूस त्याच्या ताटात भाकरी वाढत होतं. आणि तेच आता निघालं होतं.

"आता माझा बी घड उतरलाय," शिवगंगा म्हणाली. "शांभवीची पोरं मोठी झाली. मिशिनला बांधून कशाला उभं ऱ्हायाचं? मला भ्या वाटत न्हाय वो. तुमीच शिकीवलंय."

"माणूस म्हंजे केळ न्हवं, गंगे!"

"मग लिवलासा कशाला?"

भरमाप्पानं बरंच समजावलं. लेकीची शपथ घातली, आपण एकटे पडू म्हणाला, डोळ्यांत पाणी आणलं. ती लसूण सोलत राहिली. एका शांत माणसापुढं त्याचं काही चालेना. मग तो घायकुतीला आला आणि जे बोलू नये ते बोलला.

"खोटं हाय ते!"

तिचा हात थांबला.

"खोटं हाय गं. मंडळाच्या प्रसादाला केळीचा घड आणला हुता, फळा मोकळा हुता, यमक जुळलं. तुझी आई माझ्या ध्यानात बी न्हवती. गिऱ्हाइकाला कळशी दाखीवताना बोलतो न्हवं, तसलं बोलणं ते. त्याच्यावर कोन जीव देतंय व्हय?"

"सगळंच तसलं?"

"सगळंच."

"चिमणीचं बी?"

चिमणीचं तसलं नव्हतं. शांभवीची पाठवणी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर अर्धं ओढून, उपड्या पातेल्यावर बसून भरमाप्पा पोरासारखा रडला होता, आणि मीटरच्या पेटीवरल्या घरट्यात ती चिमणी त्यानं डोळ्यांनी बघितली होती. आयुष्यात एवढं खरं त्यानं दुसरं काही लिहिलं नव्हतं. पण एक खरं म्हणावं तर ही पुन्हा केळीवर येणार. शिवगंगा त्याच्या तोंडाकडं बघत होती, ‘नाही’ म्हणा अशी विनवणी करावी तशी.

"चिमणीचं बी," तो म्हणाला.

ती मग साली गोळा करून उठली. "बरं. उद्या जाऊ," म्हणाली. शांभवीला हे कळलं तेव्हा तिनं बापाच्या पायांवर डोकं ठेवलं.

दवाखाना सुरू झाला. आठवड्यातनं तीनदा रिक्षा, तीनदा तो लांबलचक हॉल, ओळीनं मांडलेल्या कॉट आणि ओळीनं फिरणारी यंत्रं. शिवगंगा जगली, डॉक्टरांचं म्हणणं खरं ठरत होतं. पण परड्यात जायची बंद झाली. दूध आता शेजारची बनाबाई आणून देई. सोमवारी भरमाप्पा खडू घेऊन फळ्यापुढं उभा राही आणि तसाच दुकानाकडं वळे. महिन्याभरानं मंडळाच्या पोरांनी तिथं क्रिकेट स्पर्धेची जाहिरात लावून टाकली. शिवगंगेनं त्याबद्दल एका शब्दानं विचारलं नाही.

काही महिने गेले. असंच एकदा यंत्र चालू असताना तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय हुतंय? नर्सला बोलवू?" शेजारी बसलेल्या भरमाप्पानं विचारलं.

"न्हाय. भ्या वाटतंय."

"कशाचं?"

"मरायचं." ती छताकडं बघत होती. "आधी न्हवतं वो वाटत. तुमी त्या दिवशी म्हणालासा, तवापास्नं वाटाय लागलंय. ह्यातनं सुटका तर न्हाईच. आनि आता मनात म्हणाय बी काय ऱ्हायलं न्हाई."

तो वाकून तिच्या कानाशी गेला. "गंगे, चिमणीचं खरं हुतं. शप्पत. त्या दिवशी मी खोटं बोललो तुझ्याशी." आणि घाईघाईनं तो ते कडवं म्हणू लागला. एक शब्द चुकला नाही. दोन ओळी तिनं ऐकून घेतल्या.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. रागानं नाही, दमून. "गिऱ्हाइकाशी बोलल्यागत वाटतंय."

त्यानं तिचा हात धरायला हात पुढं केला. पण ह्या बाजूच्या हातात सुया होत्या, आणि दुसऱ्या हातानं तिनं कॉटची कड घट्ट धरून ठेवली होती.