वाढणारे हात

लाइपझिगमध्ये मला चांगलं मराठी जेवण सापडलं, तेव्हा ते वाढायला माझ्या आईचे हात होते. बाकीची आई मिरजेत होती.

तीन वर्षं मी या शहरात खाण्याच्या जागा हुडकत फिरतो आहे. व्हिएतनामी सूप कुठलं चांगलं, इथिओपियन मसूर कुठे मिळते, हे मला कुणीही विचारावं. जिभेचे चोचले पुरवायला मी वाटेल तेवढी पायपीट करतो. शनिवारी दुपारी ट्राम डेपोमागे मराठी पाटी दिसली आणि मी हरखून आत शिरलो.

आत बारा टेबलं होती, गिऱ्हाईक मी एकटाच. मालकांनी, निमकरांनी, मला स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसवलं. खिडकीतून दोन हात आले. त्यांनी डावीकडे मीठ, लिंबू, चटणी वाढली, उजवीकडे भरली वांगी. उजव्या अंगठ्याजवळ तेलाने भाजल्याचा डाग होता. मनगटांमागे काहीच नव्हतं.

वांगी तिचीच होती. मी घाबरून घरी व्हिडिओ कॉल लावला. फोन बाबांनी धरला होता.

"आई, हात दाखव."

"सकाळपासून सापडत नाहीयेत रे," आई म्हणाली. "तू जेवलास का?"

मी निमकरांना विचारलं, "हे हात परत कधी जातील?"

"तुमचं ताट रिकामं झालं की. शीतसुद्धा राहता कामा नये."

"एवढंच?"

"एवढंच. सगळ्यांना सोपं वाटतं."

मी भराभर जेवलो. शेवटचा घास उचलला तेवढ्यात ताटात आमटी-भात पडला. मी "पुरे" म्हणालो. आमच्या घरी पुरे म्हटलं की आणखी एक डाव वाढतात, हे मी विसरलो होतो. आता हात कोपरापर्यंत आले होते आणि टेबलं आठच उरली होती.

मी ताटावर आडवा हात धरला. तिने माझ्या बोटांवरच कढत आमटी ओतली, नेहमीसारखी. भिंत सरकत जवळ आली. खांदे आले, पाठोपाठ पदर आला.

"अरे हेरंब, ही अर्धीच दिसतेय," बाबा फोनवर म्हणाले. "तू तिकडे काय करतोयस?"

"जेवतोय."

"मग थांब ना!"

"थांबलो तर ताट रिकामं होणार नाही, बाबा."

आता एकच टेबल होतं. दार माझ्या खुर्चीच्या पाठीला टेकलं होतं आणि निमकर त्याच्या पलीकडे राहिले होते. मला श्वास पुरेना. ताटात फक्त एका घासाचा भात उरला होता. तो मी उचलणार, एवढ्यात डाग असलेल्या हाताने तो उचलला, कालवला आणि माझ्या तोंडाशी धरला. दुसरा हात पातेल्याकडे गेला होता.

मी ओठ घट्ट मिटले.

"आता नुसते तिचे डोळे दिसतायत," बाबा म्हणाले. "तुझ्याकडेच बघतायत."

घासाला तुपाचा वास होता. खिडकीच्या आतून, अगदी जवळून, आई म्हणाली, "एवढा एकच, बाळा."

मी तोंड उघडलं.