अमेरिकेची जकात आणि मी, जयाचा कोयता

मी कोयता. पाथर्डीकडच्या एका वस्तीवर, जयाच्या घरात, दाराआड खुंटीला लटकलोय. बोलायची सवय मला नाही, आमचं काम तोडायचं. पण यंदा जे घडलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही बघा.

आधी मी ट्रकच्या कमानीचा पाटा होतो. पाथर्डीच्या बाजारात लोहारानं मला भट्टीत लाल केलं, ठोकलं, वाकवलं आणि बाभळीची मूठ बसवली. जया तेव्हा नवी नवरी, हाताची हळद उतरली नव्हती. तिनं आमच्या ढिगातला एकेक कोयता उचलून पाहिला आणि मला घेतलं. लाडानं नाही हो. ओझं पेलतंय का, एवढंच पाहिलं.

तुम्हाला ठाऊक नसेल तर एक सांगतो. ऊसतोडीचा मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी गेला तर अर्धा. बाईचं नाव कुठं घेत नाहीत, पण मोजताना ती धरलेलीच असते.

दिवाळी झाली की भांडीकुंडी, शेळी, पोरंबाळं ट्रकमध्ये भरून आम्ही कारखान्यावर जायचो. लेक सृष्टी पोटात होती, तेव्हाही जया मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढायची. तिच्या सासूची, कडूबाईची, तर ऐन तरुणपणीच पोटातली पिशवी काढून टाकलेली. महिन्याच्या महिन्याला कामाचा खाडा नको म्हणून! आमच्याकडं हे ऐकून कुणी दचकत नाही. मी लोखंडाचा, पण मी दचकलो होतो.

मग नगरहून नीलांबरीताई आल्या. शहरातल्या, शिकलेल्या. रस्त्यानं जाताना कुंपणावर वाळत घातलेली कडूबाईची गोधडी बघून त्यांनी गाडी थांबवली. हात फिरवत राहिल्या, फिरवतच राहिल्या. पुढच्याच महिन्यात समाजमंदिरात बायका गोधड्या शिवायला बसल्या. गोधड्या मुंबईच्या व्यापाऱ्याकडं जायच्या आणि तिथून जहाजानं अमेरिकेला.

कडूबाई म्हणायची, "जुन्या लुगड्याच्या चिंध्या त्या, अन् गोरी लोकं गादीवर हांतरत्यात! त्यानला कुनी सांगितलं न्हाई वाटतं."

त्या दिवाळीत जयानं मला धुऊन, पुसून इथं टांगलं. सृष्टीची शाळा पहिल्यांदाच मध्ये तुटली नाही. मी रिकामा झालो आणि घर भरलं.

यंदा श्रावण सरला आणि नीलांबरीताई आल्या त्या चहाला हात न लावता ओसरीवर बसल्या. बायका गोळा झाल्या.

"अमेरिकेच्या अध्यक्षांनी आपल्या मालावर जकात वाढवलीय," त्या म्हणाल्या. "शंभराच्या मालाला वर पन्नास. तिकडच्या दुकानदारानं ऑर्डर थांबवली."

"आमच्या टाक्यात खोट निघाली का?" जयानं विचारलं.

"टाक्यात काही नाही गं. आपला देश रशियाकडून तेल घेतो, त्याचा राग आहे त्यांना."

"अगं बया!" कडूबाई म्हणाली. "आमच्या कढईत गोडंतेल पुरंना, अन् ह्याला रशियाचं दिसलं व्हय?"

सगळ्या हसल्या. हसू विरल्यावर मात्र कुणी कुणाकडं बघेना.

"त्यांना त्यांच्या देशातल्या लोकांना काम द्यायचंय," ताई हळूच म्हणाल्या.

"द्यावं की. काम कुनाला नको?" जया म्हणाली. "पर तिथल्या बायका गोधड्या शिवनार हायत का?"

"नाही."

"मंग?"

ताई उठल्या, चपला घातल्या. त्या खोटा धीरही देऊन गेल्या नाहीत, हे मला आवडलं.

आता जयाचा नवरा, कल्याण. माणूस वाईट नाही. डब्यातलं पीठ तळाला गेलेलं त्याला बघवत नाही. त्याच आठवड्यात चहाच्या टपरीवर मुकादम भेटला आणि कल्याण बोलून गेला, "माझा एक कोयता धरा." त्याचा बाप असंच बोलायचा. आमच्याकडं सगळेच असं बोलतात.

घरी येऊन सांगितलं तेव्हा जया भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"एक म्हंजे? त्यात मी हाय का?"

"कोयता म्हनलं की बायको आलीच की."

"मला इचारलं हुतं?"

"मुकादम समोर हुबा हुता, जये."

"मी बी घरातच हुते. पळून गेल्ते का?"

 कल्याणनं मला खुंटीवरून काढलं आणि अंगणात बसून कानशीनं घासायला लागला. खरं सांगू? धार लागताना मला बरं वाटलं. अंग मोकळं झालं. आणि आत बसलेल्या जयाकडं नजर गेली तशी त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली.

जया मात्र रडत बसली नाही. तिनं ताईंना फोन लावला. "ताई, पडून ऱ्हायलेला माल माझ्या हवाली करा. नवरात्रात मोहट्याच्या देवीला यात्रा भरती, तिथं बसते इकायला."

पहिल्या माळेला दोघी सासू-सुना गठडी घेऊन गेल्या आणि तशीच गठडी घेऊन परत आल्या.

"लोकं हसत हुती," जया म्हणाली. "गोधडी हाय का मांडव, म्हनं."

"अन् रंग कसला त्यो! धुतल्या तांदळावानी," कडूबाई म्हणाली. "एका म्हातारीनं तोंडावर इचारलं, ही मळखाऊ न्हाई, पोरानं मुतलं तर काय करू?"

खरंच होतं ते. अमेरिकेच्या पलंगाचं माप, अमेरिकेच्या डोळ्यांना आवडणारा रंग. दुसऱ्या दिवशी जयानं कात्री घेतली आणि एवढ्या कष्टानं शिवलेली गोधडी मधोमध कापली. कडूबाईनं डोळे मिटून घेतले. मग एकीच्या दोन झाल्या, दोन्हींना जुन्या लुगड्यांचे गर्द काठ लागले. समाजमंदिरातल्या सगळ्या बायका कामाला लागल्या.

यात्रेत कडूबाई गिऱ्हाइकाला सांगायची, "घे माय, अमेरिकेला चालली हुती, तुज्यासाठी माघारी वळवली!" बाया हसायच्या आणि घ्यायच्या. सगळा माल खपला असं नाही. पण काही जणी दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या, काखेत गाठोडं घेऊन. "आमच्या आईची लुगडी हायत. ती गेली. ह्यांची गोधडी करून देता का?" ते काम सुरू झालं, ते अजून सरलेलं नाही.

खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातली हत्यारं पाटावर मांडून पुजतात. ज्यानं घर चालतं ते पुढं मांडायचं. कल्याणनं त्याचा कोयता मांडला, शेजारी मला मांडलं. तेवढ्यात फटफटी वाजली. मुकादम दारात.

"काय वहिनी, एक कोयता पक्का ना?"

जया आतून कात्री आणि सुयांची डबी घेऊन आली. तिनं मला पाटावरून उचललं, खाली जमिनीवर ठेवलं आणि माझ्या जागी कात्री मांडली. मग पदर खोचून उभी राहिली.

"ह्यांनी शबूद दिला त्यो ह्यांचा. माझा मी दिल्याला न्हाई. अर्धा धरा."

"अर्ध्याला कोन इचारतंय? मोळ्या कोन बांधनार?"

"ज्यानं शबूद दिला त्यो बांधंल की."

मुकादम हसला. "कल्याण, लेका, घरात बायकोचं राज्य आलं का?"

मी श्वास धरला, लोखंडाला असेल तेवढा. कल्याण खाली बघत होता. कडूबाई पुढं झाली. "कल्याण, तुज्या बापानं बी मला न्हाई इचारलं. मी गेले. काय घालवून आले ते तुला म्हाईत हाय." एवढंच बोलली.

कल्याणनं मान वर केली. "तिचं बराबर हाय. चुकी माझी. अर्धा धरा, न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

दिवाळीनंतर तो एकटा गेला, विधुर चुलतभावाशी जोडी करून. जयानं त्याच्या गाठोड्यात एक गोधडी बांधली. "जपून वापरा, परदेशी हाय," म्हणाली, आणि तोही हसला.

आता थंडी आहे. तिकडं बोलणी चाललीत म्हणे, जकात कमी होईल, कदाचित पुन्हा वाढेल. समाजमंदिरात कुणी त्यासाठी सुई खाली ठेवत नाही. "त्याचं त्यो बघंल, तुमी टाका घाला," असं जया म्हणते. त्या अध्यक्षाला माझं एकच सांगणं आहे. बाबा, तू कागदावर सही केलीस की इथं एखादा कोयता खुंटीवरून उतरतो. तेवढं ध्यानात असू दे.

माझ्या पात्यावर तांबूस डाग पडलेत. परवा कडूबाईनं बोटानं चाचपून पाहिले आणि तेलाची वाटी घेऊन आली. जयानं सुईतून मान वर न करता म्हटलं, "ऱ्हाऊ द्या आत्या. चढू द्या गंज."

वाटी परत गेली. तुम्हीही तिचंच ऐका. मला घासू नका.