पुढचं डावं चाक

मी रागीट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. पान्हा जागेवर दिसला नाही तरी माझा पारा चढतो. धाकटा भाऊ अगदी उलट. वायरी सोलतानाही गुणगुणत बसेल. आमच्या शेडमध्ये चाकं, ब्रेक, इंजिन माझ्याकडे, आणि वायरिंग, स्कॅनर त्याच्याकडे. सहा वर्षं असं चाललं होतं, आणि आता त्याला बसच्या वर्कशॉपमध्ये पक्की नोकरी मिळणार होती. तिथले मॅनेजर साहेब आमचेच गिऱ्हाईक. "सोमवारी येऊन भेटा, मी बघतो," एवढं ते बोलून गेले होते, आणि त्या दिवसापासून धाकट्याची बायको आमच्या घरात हळू आवाजात बोलायला लागली होती, मोठ्याने बोललं तर नोकरी उडून जाईल अशी.

साहेबांची स्वतःची गाडी आम्ही एकाच दिवशी केली होती. मी पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग बदललं, धाकट्याने मागे बघायचा कॅमेरा बसवला. दोन दिवसांनी, गुरुवारी, साहेब परत आले. डॅशबोर्डवर एबीएसचा, म्हणजे ब्रेक लावताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लागलेला, आणि क्रूझ कंट्रोलचं बटण दाबलं तरी वेग धरतच नाही.

"दोन्ही एकदम कसं काय बिघडलं?" साहेबांनी विचारलं.

मी गाडीकडे बघितलंही नाही. म्हटलं, "वायरिंग, साहेब. कॅमेऱ्याची वायर ओढताना काहीतरी तोडलं असणार. आमच्या धाकट्याला घाई फार." त्याच्यासमोरच म्हटलं.

शुक्रवारभर तो गाडीखाली होता. संध्याकाळी स्कॅनर माझ्यासमोर धरून म्हणाला, "दादा, हे बघ. गाडी ढकलली की तीन चाकं वेग दाखवतात, पुढचं डावं शून्य. एका चाकाचा वेग कळेना म्हणून एबीएस बंद पडलं, आणि क्रूझ कंट्रोल तोच आकडा घेतं, म्हणून तेही बंद. बिघाड एकच आहे. वायर मी टोकापासून टोकापर्यंत तपासली, सेन्सर नवा घालून बघितला. तरी शून्यच. एकदा बेअरिंग उघडून बघू या का?"

"माझं बेअरिंग?" मी म्हटलं. "तू शाळेत दप्तर टाकून पळत होतास तेव्हापासून मी बेअरिंगं बसवतोय. तुझं ते खेळणं मला शिकवू नकोस." आणखीही बोललो. ते इथे लिहीत नाही. साहेब गाडी झाली का विचारायला आले होते, ते दारातच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं, आणि शनिवारी दुपारी येतो म्हणून निघून गेले.

शनिवारी सकाळी धाकटा सामान आणायला गेला तसं मी चाक उतरवलं. खरं सांगायचं तर त्याला खोटं पाडायलाच. बेअरिंग प्रेसने बाहेर काढलं, पुसलं, उजेडात धरलं. एका बाजूचं सील साधं, दुसऱ्या बाजूचं काळपट. काळपट बाजूला टाचणी लावली, ती चिकटून बसली. लोहचुंबक होतं ते. सेन्सर त्याच्यावरूनच चाकाचा वेग वाचतो, म्हणून ती बाजू आत, सेन्सरकडे हवी. मी ती बाहेर ठेवून दाबली होती. जुन्या गाड्यांत कुठलीही बाजू कुठेही चालायची. हात त्याच सवयीने गेला, डोळ्यांनी बघितलंच नाही.

तिथेच टायरवर बसलो. आदल्या दिवशी मी काय काय बोललो होतो ते एकेक शब्द करून आठवायला लागलं. मग नवीन बेअरिंग घेतलं, बाजू तीनदा तपासली, बसवलं. गाडी मोठ्या रस्त्यावर नेली. दिवा विझला, बटण दाबताच क्रूझ कंट्रोलने वेग धरला. एरवी असं झालं की मी शीळ घालतो.

परतलो तर साहेब येऊन बसलेले, आणि धाकटा माझ्या टेबलापाशी उभा. टेबलावरच्या ट्रेमध्ये ते काढलेलं बेअरिंग होतं, टाचणी तशीच चिकटलेली. त्याने ते बघितलं होतं, आणि त्याला काही समजावून सांगायची गरज नव्हती.

"झाली गाडी," मी किल्ली पुढे केली.

"काय निघालं?" साहेबांनी विचारलं.

सांगायचंच होतं, शपथेवर सांगतो, पण तोंड उघडलं नाही. धाकटा माझ्याकडे बघत होता. मी किल्लीकडे बघत होतो.

"माझाच एक जोड ढिला राहिला होता, साहेब," धाकटा म्हणाला. "दादाने शोधून दिला."

आणि मला सुटल्यासारखं वाटलं. तसं वाटलं, हे आता लपवून काय उपयोग. साहेबांनी मान हलवली, किल्ली घेतली, गाडीचं दार उघडलं. तेव्हा कुठे माझ्या तोंडातून आवाज फुटला. "साहेब, थांबा. वायरिंग चांगलं होतं. बेअरिंग मी उलटं बसवलं होतं. हा कालपासून तेच सांगत होता."

साहेब आधी माझ्याकडे आणि मग त्याच्याकडे वळले. "मग तुम्ही आत्ता मला जे सांगितलंत ते?"

"माझी लाज राखायला बोलला तो," मी म्हटलं. "त्याचं काम चोख आहे. चूक माझी, शिक्षा त्याला नको."

"चूक कुणाचीही होते," साहेब शांतपणे म्हणाले. "पण मी विचारलं, आणि यांनी मला खोटं सांगितलं. माझ्या वर्कशॉपमध्ये सगळे एकमेकांना भावासारखेच सांभाळून घेतात. उद्या ब्रेक कुणी बिघडवला हे यांनी असंच झाकलं, तर बसमध्ये पन्नास माणसं असतात." धाकट्याकडे बघून म्हणाले, "सोमवारी येऊ नका." ते काही रागावले नव्हते.

गाडी गेल्यावर मी धाकट्यासमोर जाऊन उभा राहिलो. "तू कशाला बोललास रे?" मी म्हटलं.

"मी थांबलो होतो, दादा," तो म्हणाला. "तुझ्याकडे बघत थांबलो होतो. तू बोलेनास, म्हणून बोललो."