अंतिम, अंतिम दोन आणि मी

मी एक दस्तऐवज बोलतोय. कागदाचा नाही; चितेगावच्या एका रबर कारखान्याच्या विकीवरचा. विकी म्हणजे संगणकातलं सामाईक कपाट. कुणीही उघडावं, वाचावं, चुकलेलं दुरुस्त करावं. आमच्याकडं लोक फक्त उघडतात आणि चहाला जातात.

माझा जन्म मुख्तारचाचांच्या निवृत्तीच्या आठवड्यातला. वाफेवर रबर शिजवणारी मोठी टाकी त्यांनी अठ्ठावीस वर्षं सांभाळली. ते निघाले तेव्हा साहेबलोकांना आठवलं, की टाकी उघडायची रीत कुठं लिहिलेलीच नाही. मग उस्मानपुऱ्याची अरफा, आमची इंजिनिअर, लॅपटॉप घेऊन त्यांच्याजवळ बसली.

“लिव बेटा,” चाचा म्हणाले, “दाबाचा काटा लई खोटं बोलतो. शून्य दाखवलं तरी त्याचं ऐकायचं नाय. आधी खालची छोटी तोटी उघडायची, वाफ येती का बघायचं. मगच झाकणाला हात.”

अरफानं शब्दन् शब्द उतरवला. मी जन्मतःच शहाणा होतो.

हे शहाणपण तीन दिवस टिकलं. मॅनेजर मोतीरामसरांनी मला वाचलं आणि कपाळाला हात लावला. “काटा खोटं बोलतो? ऑडिटवाले हसतील आपल्याला!” त्यांनी ते सगळं खोडून लिहिलं, ‘दाबमापकाचे वाचन शून्य असल्याची खात्री करून आवरण उघडावे.’ माझी भाषा सुधारली, अक्कल गेली.

पुढं अरफा नोकरी बदलून पुण्याला गेली. मला मात्र भावंडं होत राहिली. ज्याला एक स्वल्पविराम बदलायचा, तो माझी आख्खी प्रत काढायचा. ‘अंतिम’, ‘अंतिम दोन’, ‘नवीन अंतिम’, ‘हेच वापरा’. आम्ही आठ जण झालो. वाचणारा एकही नाही.

यंदा मार्चमधल्या एका दुपारी टाकीजवळ अपेक्षा मोबाईलवर विकी उघडून उभी होती. नोकरीला लागून पंधरा दिवस झालेले. काटा शून्यावर होता. मोतीरामसर घाईत होते.

“शून्य दिसतंय ना? उघड की!”

“सर, एक मिनिट. इथं आठ कागद आहेत. पहिला कुठला ते बघते.”

“आठही सारखेच आहेत गं!” म्हणत सरांनी स्वतःच झाकणाच्या कडीला हात घातला.

विकी खोडलेलं विसरत नाही. कुणी, कधी, काय काढलं ते सगळं ‘इतिहास’ या बटणामागं राहतं. अपेक्षानं ते दाबलं, चाचांचं बोलणं वाचलं आणि ओरडली, “सर, हात काढा!”

तिनं वाकून तोटी फिरवली. फुस्सकन अशी वाफ सुटली की सर दहा पावलं मागं सरले आणि तिथंच एका खोक्यावर बसले.

दुसऱ्या दिवशी काटा बदलला. माझी सातही भावंडं पुसली गेली. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं नाही. सरांनी चाचांचं वाक्य ‘लई’सकट परत घातलं. बदलाचं कारण विचारणाऱ्या चौकटीत सगळे ‘किरकोळ दुरुस्ती’ लिहितात. त्यांनी लिहिलं, ‘मी चुकलो होतो.’

आता मी एकटा आहे आणि मजेत आहे. विनंती एकच. माझ्यातलं काही खोडावंसं वाटलं, तर ज्यानं सांगितलं त्याला आधी विचारा. चाचा हल्ली गुलमंडीत भावाच्या कापडाच्या दुकानात बसतात. फोन पहिल्याच रिंगला उचलतात.