मेहरचं घर

घर आयशाबीचंच राहिलं, आणि नवऱ्याला तिनं मारलं नव्हतं. दिग्रसच्या त्या गल्लीत आता हे सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा ते शेवटासाठी राखून ठेवण्यात अर्थ नाही. मधल्या काळात अडून राहिलं होतं ते वेगळंच. कशफ आईच्या हातचं जेवेल की नाही, हे.

ताट

झाकलेलं. भाकर, वांग्याची भाजी, कांदा. सकाळी ते तसंच बकरीपुढं जायचं.

कशफ सोळा वर्षांची. बोलायची नीट. अम्मी, झाडू कुठं आहे. अम्मी, मी झोपते. पण जेवायला शेजारी काकाकडे जायची, आणि पाणी प्यायचं तर ग्लास स्वतः धुऊन घ्यायची. एकदा आयशाबीनं तिच्यासमोर त्याच ताटातला घास आधी आपण खाऊन दाखवला. कशफ मान खाली घालून उठली. आयशाबीला नंतर दिवसभर त्या घासाची लाज वाटत राहिली.

पोट

त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि बोंडअळीही तशीच होती. सगळा तालुका फवारत होता. फवारणारी माणसं उलट्या करत दवाखान्यात भरती होत होती.

युनूस फवारत नव्हता. त्याला शेतच नव्हतं. तो फवारणीचे पंप दुरुस्त करायचा. पुढं दुकान, मागं घर. एका दुपारी बायकोनं दिलेला चहा प्यायला आणि थोड्या वेळानं घामानं भिजला, तोंडाला फेस आला. यवतमाळच्या दवाखान्यातून तो परत आला नाही. तपासणीत निघालं ते शेतातलं औषध.

शेत नसलेल्या माणसाच्या पोटात शेतातलं औषध. आणि चहा तो एकटाच प्यायला होता.

त्याचा धाकटा भाऊ रिजवान दारव्हा रोडवर जीप चालवायचा. त्यानं पोलीस जमादार बाबारावांना सांगितलं की भाऊ औषधाची बाटली दुकानात ठेवू द्यायचा नाही, जेवायच्या आधी साबणानं हात धुवायचा. मग औषध आलं कुठून? स्वयंपाकघरातून. दुसरी जागाच नाही. हे बोलताना तो रडत होता आणि ते रडणं खोटं नव्हतं. त्यानं कोर्टातही दावा लावला. मारणारीला मेलेल्याचं काही मिळत नाही, सबब घर आणि दुकान तिच्या हातात जाऊ नये.

कायदा

आयशाबीच्या वकील शीला गवई दारव्ह्याच्या. त्यांनी दिराचा दावा वाचला आणि हसल्या. मारणाऱ्याला वारसा नाही, हे खरं, त्या म्हणाल्या. पण निकाहात सासऱ्यानं भर मजलिशीत हे घर मेहर म्हणून लावलं होतं, आणि युनूसनं पुढं ते तिच्या नावावर करूनही दिलं होतं. मेहर हा वारसा नव्हेच. ते नवऱ्यानं बायकोला द्यायचं देणं, आणि ते त्यानं जिवंतपणीच फेडलं होतं.

"उद्या गुन्हा शाबीत झाला ना, तरी घर तुमचंच."

"म्हणजे मारून बी माह्यंच?"

"हो."

आयशाबीनं पुढ्यातले कागद बाजूला सारले.

"वकीलबाई, घराचं नका सांगू मले. पोरगी माह्या हातचं खाईन, असा एखादा कायदा असन तं सांगा."

शीलाताईंनी फाईल बंद केली. असा कायदा नव्हता.

दुकान

दाव्यासाठी दुकानातल्या मालाची नोंद करायची होती. पोलिसांनी लावलेलं कुलूप बाबाराव जमादारांनी काढलं. एका बाजूला रिजवान, दारात आयशाबी, तिच्यामागं कशफ. आणि सगळ्यांच्या मधे घुसलेला तांड्यावरचा भीमसिंग, कारण त्याचा पंप युनूसकडे दुरुस्तीला अडकला होता.

माणूस मेला याचं वाईट वाटते, पण अळीले ते समजत नाही ना साहेब, तो म्हणाला.

जमादार कंटाळले होते. पंप तुझा असेल तर घे अन् जा, म्हणाले. भीमसिंग म्हणाला, नेऊन काय करू, धारच येत नाही त्याची.

रिजवान भावाच्या खोक्यावर बसला. जीप घेण्याआधी तोही याच दुकानात बापाच्या हाताखाली होता. त्यानं पंपाच्या नळीच्या टोकाचं नोझल फिरवून काढलं, उजेडाकडे धरून पाहिलं, ओठांत घेतलं, गाल फुगवले आणि

फाडकन आयशाबीचा हात बसला. नोझल भिंतीवर आपटून खाली पडलं.

"थूक," ती म्हणाली. "आधी थूक, रिजवान."

तो थुंकला.

"काय करत होता रे तू?" जमादार.

"काही नाही. कचरा अडकलाय. फुंकून काढत होतो."

"युनूस बी असाच काढे?"

"सगळेच काढतात. अब्बानंच तं शिकवलं..."

भीमसिंग म्हणाला, आमी बी वावरात असंच करतो.

"मंग मले काहून नाही सांगितलं?" जमादार रिजवानवर ओरडले.

"तुमी इचारलं, काय खाल्लं, काय पेला," रिजवान हळूच म्हणाला. "हे कुठं खाणं हाय, साहेब."

सबंध हंगाम, दिवसभर, एकामागून एक नोझल. कधी फुंकून, कधी ओढून. आयशाबीनंही ते रोज पाहिलं होतं, शेजारी विडी ओढतो ते पाहावं तसं. आज दीर युनूससारखा मान वाकडी करून बसला, आणि तिला समजायच्या आत तिचा हात निघाला.

बाबारावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तोंड धू जाय. साबणानं. जबाब मंग देजो."

कशफनंच काकाच्या हातावर पाणी ओतलं. तो चूळ भरत राहिला, पुन्हा पुन्हा, आणि मधेच म्हणाला, "भाबी, मी..." आयशाबीनं हातानंच राहू दे केलं.

पुढचं

डॉक्टरांनी लिहून दिलं की असं होऊ शकतं. बाजारातले बाकी मिस्त्रीही कबूल झाले की त्यांना मळमळ होते, डोळ्यांपुढं अंधारी येते. ऊन लागलं असेल असं ते धरून चालले होते. पोलिसांनी अपघात लिहिला. दावा रिजवाननं मागं घेतला, आणि दुकान उघडल्यावर त्यानं खिळ्याला एक सायकलचा हवा भरायचा पंप टांगला. आता त्या हवेनंच नोझल साफ होतात. गिऱ्हाईकं हसतात.

पण हे सगळं नंतरचं. त्याच दुपारी

गंज

चुलीवर होता, उभट पातेल्यासारखा, खिचडीचा. माणसं गेली होती. आयशाबी पाठमोरी बसून भांडी घासत होती. मागं झाकण वाजलं. तिनं वळून पाहिलं नाही.

कशफ उभ्यानंच, गंजातूनच, हातानं खात होती. ताट घ्यायलाही थांबली नव्हती.

"मीठ कमी आहे, अम्मी."

"घे मंग टाकून."

"तू टाक."

आयशाबीनं राखेचे हात धुतले, चिमूटभर मीठ घेतलं आणि खिचडीवर सोडलं. कशफनं ते बोटांनी कालवलं आणि खात राहिली.