भोंगा आला आणि मी कोंबड्यांकडे गेलो

बॉनेट उघडलं की कडेला जो काळा, बुटका डबा दिसतो ना, तो मी. जीपचा एअर फिल्टर बोलतोय. बोलतोय कसला, आज भांडायलाच बसलोय. इतकी वर्षं तोंडात माती धरली, म्हणून गप्प होतो.

पत्रा, तारेची जाळी आणि खाली एक वाटी, एवढाच माझा संसार. वाटीत ऑइल भरायचं. बाहेरची हवा माझ्यातून आत जाते तेव्हा धूळ ऑइलला चिकटते, उरलेली जाळीत अडकते आणि इंजिनाला निव्वळ हवा मिळते. मी देखणा नाही, कबूल. पण उन्हाळ्यात एकदा मानवत रोड स्टेशनापासून पाथरीला या, म्हणजे माझी किंमत कळेल. तिथली धूळ माणसाच्या दातात करकरते. इंजिनाला तर थुंकताही येत नाही.

सरकारी खात्यात माझी दहा वर्षं गेली. मग आमची जीप लिलावात निघाली आणि पाथरीजवळच्या लिंबाजीनं ती घेतली. लिंबाजी आणि त्याची बायको पारूबाई दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, पाचटाच्या खोपीत सहा महिने काढायचे. सात हंगाम राबून दोघांनी ही जीप घेतली होती. ती दारात आली त्या दिवशी लिंबाजीनं कोयता आढ्याला खोचला.

"पारू, ह्यो आता खाली न्हाई काढायचा," तो म्हणाला.

पारूबाईनं जीपवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. बाईचे डोळे भरले होते. जीप चालली तरच कोयता आढ्याला राहणार, हे मलाही त्या दिवशीच कळलं.

मग सुरू झाल्या पाथरी-मानवत रोडच्या फेऱ्या. सोळा माणसं आत, दोघं मागं लोंबकळत, एखादी शेळी कुणाच्या तरी मांडीवर! पण माझं लक्ष शुक्रवारकडे असायचं. शुक्रवारी पारूबाई कंदिलाच्या काचा पुसायची आणि त्याच बैठकीत मला धुवायची. वाटीतला काळा रेंदा काढून टाकायची, जाळी डिझेलमध्ये खळखळायची, नवं ऑइल भरायची.

"बगा ओ, आठ दिसात किती माती गिळली बिचाऱ्यानं!" नवऱ्याला वाटी दाखवून म्हणायची.

बिचारा म्हणायची मला! त्या एका शब्दावर मी आठवडा काढायचो.

शहाऐंशी साली पारूबाई बाळंतपणाला माहेरी, पूर्णेला गेली. निघताना तिनं बजावलं, "दर शुक्करवारी त्येला धुवा बरं का."

"व्हय गं, धुतो की!"

कसलं धुतो नि कसलं काय! तीन महिन्यांत त्यानं एकदाही माझी वाटी उघडली नाही. काच पुसायचा, आरशाला गोंडे लावायचा, टेप वाजवायचा. त्यात नामांतराच्या आंदोलनात चार-चार दिवस यष्टी बंद राहायची, मग आमच्या फेऱ्या दुप्पट. माझी वाटी मातीनं काठोकाठ भरली, जाळी तुंबली. इंजिनाला श्वास पुरेना. गाडी काळा धूर ओकायला लागली. ओढ्याच्या चढावर तर माणसं उतरून ढकलायची आणि लिंबाजीला शिव्या घालायची. लिंबाजी मला घालायचा. माझं नाक तुम्हीच बुजवलं आणि वर मलाच दोष!

अशात पारूबाई तान्ह्या लेकीला घेऊन परत आली. पोचवायला तिचा भाऊ भुजंग आला. बाळंतिणीला पोचवणारा भाऊ आमच्याकडं रिकाम्या हातानं येत नाही. कुणी दाजीला धोतरजोडी आणतो, कुणी अंगठी. भुजंग हैदराबादेत गॅरेजवर होता. त्यानं आणला माझ्या जागी बसवायचा एक निकेलचा चकचकीत नळा, तोंडाला उघडी जाळी. मी त्याला भोंगा म्हणतो.

"दाजी, हैदराबादेत समदे हेच बशिवायलेत," भुजंग म्हणाला. "हवा जास्ती, पिकअप जास्ती. गाडी नुसती उडती बगा!"

चहा व्हायच्या आत त्यानं मला खोललं. अंगणात गल्ली जमली. वाटी उघडली तर आत बोटभर जाड चिखल.

"ह्ये बगा! ह्यो तुमच्या गाडीचा गळा दाबून बसला व्हता!" भुजंग हसला. सगळेच हसले.

मी पारूबाईकडे पाहिलं. तिनं वाटीत बोट बुडवलं आणि तिला क्षणात कळलं. तीन महिने कुणी हात लावला नाही, हे तिच्याइतकं कुणाला कळणार? तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो पोरासारखा खूश झालेला. भावाकडे पाहिलं. तो कौतुकाची वाट पाहत उभा. चार लोकांत माहेरच्या देण्याला नाव कसं ठेवायचं? तिनं बोट पदराला पुसलं आणि मुकाट्यानं घरात गेली.

लिंबाजीचं मला वाईट वाटलं नाही, तो होताच विसराळू. पण तू, पारूबाई? तू तरी एक शब्द बोलायचास ना! तिथं मी आतून तुटलो.

लगेच परीक्षा झाली. लिंबाजी, भुजंग आणि एक शेजारी, तिघंच बसले आणि ओढ्याचा चढ चढून आले. भोंगा असा गरजला की रस्त्यावरच्या म्हशी बुजल्या.

"आवाज ऐकला का, दाजी? ह्येला म्हंतेत ताकद!"

अरे, त्याच चढावर आठ दिवसांपूर्वी सोळा माणसं होती, आज तीन! आणि मला नुसतं धुतलं असतं तरी गाडी अशीच चढली असती. गुदमरलेल्याचं नाक मोकळं केलं की तो पळणारच, त्यात भोंग्याचं काय कर्तृत्व? पण माझं ऐकतो कोण! मी परसात गेलो आणि कोंबड्या माझ्या वाटीत पाणी प्यायला लागल्या.

भोंग्याच्या जाळीत चिमणी अडकली असती, धूळ नाही. ती थेट इंजिनात गेली. दसऱ्याला जीप निळा धूर सोडायला लागली, पाण्यासारखं ऑइल प्यायला लागली आणि एक दिवस दारातच बसली. परभणीहून आसाराम मिस्त्री आला. इंजिन उघडून त्यानं आतून बोट फिरवलं.

"मातीनं खाल्लंय, लिंबाजी. समदं घासून गेलंय. हिचा मूळचा फिल्टर कुठाय?"

लिंबाजीनं कोंबड्यांकडे पाहिलं. पारूबाई उंबऱ्यात उभी होती.

"मला कळलं व्हतं," ती म्हणाली. "धुतला न्हाई म्हणून गाडी दमली व्हती. भावाचं देणं व्हतं, म्हणून जीभ गिळली मी."

लिंबाजी तिच्यावर ओरडला नाही. "अन् मी धुतो म्हणालो व्हतो तुला," एवढंच बोलला आणि कपाळाला हात लावून बसला.

इंजिन नव्यानं बांधायची त्याची ऐपत नव्हती. जीप गंगाखेडच्या आबासाहेबांनी विकत नेली. न्यायच्या दिवशी लिंबाजीनं मला परसातून आणलं, स्वतः डिझेलमध्ये धुतलं, नवं ऑइल भरलं.

"आबासाहेब, काय बी बदला, पर ह्यो बदलू नका. दर शुक्करवारी धुवा," तो म्हणाला. मागं पारूबाई आढ्याचा कोयता खाली काढत होती.

मी माफ केलं का? नाही. खोटं कशाला बोलू?

आबासाहेबांनी इंजिन नवं करून घेतलं. मी पुन्हा माझ्या जागेवर आहे, कामात आहे. तुम्हाला हात जोडून एकच सांगणं. कुणी चकचकीत भोंगा घेऊन दारात आला, तर त्याच्या आवाजावर भाळू नका. आधी माझी वाटी उघडून बघा, मला धुवा, मग काय ते ठरवा.

दिवाळीनंतर गंगाखेडच्या रस्त्याला ऊसतोड्यांचा एक ट्रक आमच्या पुढं लागला. बोचक्यांवर पारूबाई बसली होती, मांडीवर लेक. शेजारी लिंबाजी. त्यानं जीप ओळखली आणि अर्धवट उठून हात केला.

"शुक्करवार इसरू नका!" तो ओरडला.

आमच्या ड्रायव्हरला वाटलं, कुणी रामराम करतंय. त्यानं हॉर्न वाजवला आणि गाडी पुढं काढली. पारूबाईनं लेकीच्या तोंडावर पदर ओढला. माझ्यापर्यंत आली तेवढी धूळ मी धरली. बाकीची सगळी त्यांच्या अंगावर गेली.