शुक्रवारचे दोन तास

हिलरी मॉल्टबीच्या शेतावर पिकावर पडणारी कबुतरं मारायची परवानगी दोघांनाच होती. एक मॉरिस लेगेट, वय चौऱ्याहत्तर, आयुष्यभर चर उपसायच्या यंत्रावर काम करून निवृत्त झालेला. दुसरा गॅव्हिन स्टरमन, घरोघरी बॉयलर बसवणारा, मॉरिसपेक्षा तीस वर्षांनी लहान. शेत मोठं होतं, सपाट आणि उघडं, चरांनी कापलेलं. दोघांना पुरून उरेल एवढं. तरी दोघांनी काही रीती पाळल्या होत्या, आणि त्या कुणी लिहून ठेवलेल्या नव्हत्या. जायच्या आदल्या दिवशी फोन करायचा. फाटकाशी दुसऱ्याची गाडी दिसली तर मागे फिरायचं. रिकामी काडतुसं वेचून न्यायची. आणि ज्यानं पाखरांवर पाळत ठेवून त्यांची वाट शोधली, ते रान त्याचं. त्याची शिकार होईपर्यंत दुसऱ्यानं तिथे पाऊल टाकायचं नाही.

हे सगळं गॅव्हिनला मॉरिसनंच शिकवलं होतं. हिलरीकडे त्याच्यासाठी शब्द टाकला होता तोही मॉरिसनंच. "पोरगा नीट आहे. फाटक बंद करून जातो," एवढीच शिफारस, पण हिलरीला ती पुरली होती.

त्या जुलैत वाटाणा भरत आला होता आणि कारखान्याची काढणीची यंत्रं यायला पंधराएक दिवस होते. बुधवारी मॉरिसचा फोन आला.

"पंपघराच्या मागचं रान बघितलंस का?"

"नाही. का?"

"तीन दिवस बांधावर बसून आहे मी. आमची थेल्मा म्हणते, तिथेच अंथरूण टाक. पॉपलरच्या झाडांच्या रांगेवरून येतात, चर ओलांडतात आणि थेट मधल्या खोलगटात उतरतात. दुपारी दोननंतर थांबतच नाहीत बघ. शनिवारी बसणार आहे. येतोस का? दोघं बसू एका आडोशात."

गॅव्हिनला शनिवारी बायकोच्या, जनीनच्या, भाचीचं लग्न होतं. त्यानं तसं सांगितलं.

"मग लग्नाला जा. जेवण तरी बरं मिळेल," मॉरिस म्हणाला. "कबुतरं काय, पुढच्या वेळी."

शुक्रवारी गॅव्हिनचं काम बारालाच आटपलं. गाडीत बंदूक होती, आडोशाची जाळी होती, खऱ्या पाखरांना भुलवायच्या नकली पाखरांची पोतडी होती. ती नेहमीच असायची, असं त्यानं नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण हेही खरं की हिलरी त्या दिवशी जिल्ह्याच्या शेतकी प्रदर्शनाला गेली आहे हे त्याला ठाऊक होतं. थेल्मा दर शुक्रवारी नवऱ्याला घेऊन बहिणीकडे जाते हेही ठाऊक होतं. सगळ्या पट्ट्यात पाखरं हाकलायला गॅसच्या तोफा धडाडत असतात, त्यात एका बंदुकीचा आवाज कुणाच्या कानावर येणार नाही, हाही हिशेब त्यानं मनात केला होता. नुसतं बघून येऊ, असं म्हणत तो निघाला आणि गाडी मात्र फाटकाशी न लावता पंपघराच्या आड लावली.

मॉरिसनं सांगितलं होतं तसंच सगळं होतं. पॉपलरच्या रांगेवरून पाखरं येत होती, चर ओलांडत होती, खोलगटात उतरत होती. गॅव्हिननं चराच्या काठी जाळी लावली, नकली पाखरं मांडली आणि तो बसला. पुढचे दोन तास त्यानं दुसरा कसलाच विचार केला नाही. असं रान माणसाला आयुष्यात चार-पाचदाच मिळतं. थव्यामागून थवे येत होते, आणि त्याचा हात त्या दिवशी असा बसला होता की चुकलेला बार त्याला आठवेना.

थांबला तेव्हा बासष्ट पाखरं होती. मग तो आवरायला लागला आणि आवरता आवरता त्याच्या लक्षात आलं की आपण चोरासारखे आवरतो आहोत. काडतुसं तो रोजच वेचायचा. आज तो पिसं वेचत होता. वाटाण्याच्या वेलांत अडकलेली, चराच्या पाण्यावर तरंगणारी, वाऱ्यानं पार बांधापर्यंत नेलेली. मूठमूठ करून त्यानं अर्धं पोतं भरलं, आणि तरी रानात जिकडेतिकडे पांढरं दिसतच होतं. शेवटी त्यानं नाद सोडला. मेलेली पाखरं त्यानं ती विकत घेणाऱ्या नेहमीच्या व्यापाऱ्याकडे न नेता वीस मैलांवरच्या दुसऱ्याकडे टाकली.

दुसऱ्या दिवशी लग्नात तो पिवळ्या टायमध्ये उभा होता. दोन वाजले, अडीच वाजले. दर अर्ध्या तासानं त्याची नजर घड्याळाकडे जात होती. जनीननं विचारलं, "कुणाची वाट बघतोयस?" तो म्हणाला, "कुणाची नाही."

रविवारी सकाळी मॉरिसचा फोन आला.

"बरं झालं तू नाही आलास," मॉरिस म्हणाला. "तुझा शनिवार मी फुकट घालवला असता. दिवसभरात अकरा पाखरं आली. अकरा. त्यातली तीन मिळाली."

"वारा फिरला असेल," गॅव्हिन म्हणाला.

"वारा तोच होता. मीच चुकलो. तीन दिवस बघितलं आणि चुकलो." मग म्हणाला, "तुला उगाच आशा लावली, त्याबद्दल माफ कर हं."

माफी मॉरिसनं मागितली. गॅव्हिन फोन हातात धरून स्वयंपाकघरात उभा होता. आत्ता बोललो तर बोललो, हे त्याला कळत होतं. "असं होतं कधीकधी," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

एका दुपारी बासष्ट मेलेली बघितल्यावर उरलेल्या कबुतरांनी ते रान सोडलं आणि ती रेल्वेरुळाकडच्या वाटाण्यावर जाऊन पडली. तिथे कुणाचंच लक्ष नव्हतं. बुधवारपर्यंत सहा एकर फस्त झालं. गुरुवारी हिलरीचा फोन गॅव्हिनला आला. बाई बोलायला सरळ आणि जरा कडक होती.

"रुळाकडच्या फाटकाची किल्ली न्यायला ये. मॉरिसनं परत दिली."

"परत दिली म्हणजे?"

"मी त्याला बोलले. तीन दिवस चुकीच्या रानाकडे बघत बसलास आणि तिकडे माझं सहा एकर गेलं, असं म्हणाले. जरा जास्तच बोलले बहुतेक. त्यानं वाद घातला नाही. म्हणाला, माझं आता खरं नाही, गॅव्हिनची नजर चांगली आहे, सगळं त्याच्याकडे दे. आता तू बघ बाबा."

गॅव्हिननं किल्ली आणली आणि खिशात ठेवली. दिवसभर तो लोकांच्या घरी बॉयलर उघडत होता आणि ती किल्ली मांडीला टोचत होती. एका बाईनं त्याला चहा दिला, तो गार झाला. संध्याकाळच्या उन्हात तो मॉरिसच्या घरी गेला.

मॉरिस मागच्या अंगणात टेबलाशी बसला होता. बंदूक सुटी करून फडक्यावर मांडली होती आणि तो तिला तेल लावत होता.

"ये, ये. थेल्मा, गॅव्हिन आलाय, चहा टाक." मग बंदुकीकडे बोट दाखवून तो म्हणाला, "दुकानवाला सोमवारी येतोय बघायला. तुला हवी असेल तर आधी तू बोल."

"विकताय कशाला?"

"भिंतीवर टांगायला ती काय हरणाचं डोकं आहे?"

"मॉरिस, तुम्ही चुकला नव्हतात."

"सोड रे."

"नाही, ऐका. रान बरोबर होतं. वाट बरोबर होती. शुक्रवारी मी बसलो होतो तिथे. दोन तास. बासष्ट मारली मी. म्हणून शनिवारी ती आली नाहीत."

थेल्मा चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती, ती तिथेच थांबली. मॉरिसनं फडकं खाली ठेवलं. गॅव्हिनला वाटलं, आता शिवी येईल, आणि ती यावी असंच त्याला वाटत होतं. पण मॉरिसचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"पॉपलरवरून आली?" त्यानं विचारलं.

"पॉपलरवरून."

"दोननंतर?"

"दोनला पाच कमी असतील."

"बघ थेल्मा," मॉरिस वळून म्हणाला, "मी म्हणत होतो की नाही. म्हातारा झालो म्हणे." आणि तो मोकळेपणानं हसला, जणू समोरच्यानं आपल्यावर उपकारच केलेत. गॅव्हिनला ते हसू बघवेना. थेल्मा हसत नव्हती. ट्रे टेबलावर ठेवून ती नवऱ्याच्या खुर्चीमागे उभी राहिली.

मग मॉरिस हसायचा थांबला.

"बासष्ट म्हणालास?"

"हो."

"खोलगटातच बसला होतास? चराच्या काठी?"

"हो."

"मग पिसं?"

गॅव्हिननं खिशातली किल्ली चाचपली.

"बासष्ट पाखरांची पिसं असतील तिथे," मॉरिस सावकाश म्हणाला. "वेचलीस?"

"वेचली. पण सगळी नाही वेचता आली. वारा होता."

"म्हणजे होती."

"होती."

"किती?"

खोटं बोलायचं असतं तर ते तेव्हा बोलायला हवं होतं. "पुष्कळ," गॅव्हिन म्हणाला. "सगळीकडे."

मॉरिसनं दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिला. "मी सहा तास बसलो होतो तिथे," तो म्हणाला. "आजूबाजूला चाललो, नकली पाखरं मांडली, उचलली. मला एक पीस दिसलं नाही."

शेजारच्या अंगणात कुणीतरी गवत कापत होतं.

"वर्षभर बार चुकतायत," मॉरिस म्हणाला, "मी काडतुसांना नावं ठेवत होतो."

थेल्मानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मी सांगत होते तुला, डोळे दाखव," ती म्हणाली. आवाज हळू होता. मग गॅव्हिनकडे न बघता म्हणाली, "तुझा चहा गार होतोय."

तो चहा गॅव्हिननं प्यायला. नको म्हणायची सोय नव्हती.

निघताना त्यानं किल्ली टेबलावर ठेवली. मॉरिसनं ती परत त्याच्याकडे सरकवली. "बाईचा वाटाणा खाताहेत ती. तो कोण राखणार? मी? मला पीस दिसत नाही." मग म्हणाला, "हिलरीला मात्र तूच सांग. ती मला बोलली ते मला लागलं होतं."

हिलरीला सांगणं सोपं नव्हतं. ती ट्रॅक्टरच्या पायरीवर बसून ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "त्याला जे बोलले ते तुला बोलायला हवं होतं."

"हो."

"आता काय, त्यातला अर्धा जोर गेला. रुळाकडचं रान राख. वाटाणा निघेपर्यंत रोज ये, पहाटेपासून. मेलेली सगळी मला दाखव. आणि गाडी फाटकाशी लाव, सगळ्यांना दिसेल अशी." ती उठली. "मॉरिसकडे मी जाते."

वाटाणा निघेपर्यंतचे उरलेले दिवस गॅव्हिननं कामावर जायच्या आधी आणि आल्यावर रुळाकडे काढले. पाखरं मिळत होती, मजा मात्र येत नव्हती.

मॉरिसच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. उजवा पुष्कळच पिकला होता. थेल्माला मोठ्या रस्त्यावर गाडी चालवायची भीती वाटायची, म्हणून दवाखान्यात न्यायचं गॅव्हिननं आपणहून मागून घेतलं. तीनदा नेलं, तीनदा आणलं. प्रत्येक वेळी परतताना तो काहीतरी म्हणायचाच. "त्या शुक्रवारी मी तिथे जायलाच नको होतं." किंवा, "माझ्यामुळे तुम्हाला हिलरीचं ऐकावं लागलं." आणि मॉरिस प्रत्येक वेळी म्हणायचा, "अरे, झालं ते झालं. तुझ्यामुळे डोळे तरी दाखवले." थेल्मा मागे बसून खिडकीबाहेर बघायची. जनीनला तिनं एकदा दुकानात सांगितलं होतं की पोराला चहा देईन, पण मनातून जायला वेळ लागेल.

जानेवारीत, शस्त्रक्रियेनंतर उजवा डोळा पुरता बरा झाल्यावर, डॉक्टरांनी हो म्हटलं आणि मॉरिस पुन्हा रानात आला. बंदूक विकली गेली नव्हती, सोमवारी दुकानवाल्याला थेल्मानं दारातूनच परत पाठवलं होतं. त्या दिवशी कबुतरं कोबीवर पडली होती. दोघं एकाच आडोशात पिंपांवर बसले, पायाशी थर्मास आणि सॉसेज रोल. पहिली पाच पाखरं मॉरिसनं चुकवली. सहावं पडलं. ते पडताना त्यानं शेवटपर्यंत पाहिलं, जमिनीला लागेपर्यंत.

"पिसं दिसतायत," तो म्हणाला. "एक, दोन, तीन. ते बघ, कोबीच्या पानावर चौथं."

गॅव्हिन त्याच्याकडे वळला. "मॉरिस, मी तुम्हाला खरंच—"

"गॅव्हिन," मॉरिस म्हणाला. त्यानं बंदूक मांडीवर आडवी ठेवली. "हे आता बंद कर. तुला वाईट वाटतं ते मला कळतं. पण तू दर वेळी सांगतोस आणि दर वेळी मला तुझी समजूत घालावी लागते. मी दमतो रे त्यानं. चूक तुझी आणि राबायचं मी. हे बरं दिसतं का?"

"नाही," गॅव्हिन म्हणाला.

"मग ते तुझं तू ठेव. माझ्याकडे आणू नकोस."

गॅव्हिननं मान हलवली. इतके महिने आपण हे बोलून दाखवतो ते कुणासाठी, हे त्याला तिथे, त्या थंडीत, पिंपावर बसल्यावर कळलं आणि त्याचे कान तापले. त्याबद्दलही माफी मागावी असं त्याच्या ओठांवर आलं होतं, पण त्यानं ते गिळलं. थर्मास उघडून त्यानं आधी मॉरिसचा कप भरला.

रुळाकडून सात-आठ पाखरं कोबीच्या रोखानं येत होती. ती गॅव्हिनच्या बाजूनं येत होती, म्हणजे रीतीनं त्याची होती. तो बंदूक खाली ठेवून मागे सरकून बसला.

"काय झालं?" मॉरिसनं कुजबुजत विचारलं.

"काही नाही," गॅव्हिन म्हणाला. "तुम्ही घ्या."

मॉरिसनं त्याच्याकडे क्षणभर रोखून बघितलं, मग तोंडातल्या तोंडात "गाढव" म्हणाला आणि बंदूक खांद्याला लावली.